डबा भरलेलाच परत आला

आमच्या खालच्या मजल्यावर राहणाऱ्या म्हाताऱ्यावर माझा पहिल्या दिवसापासून विश्वास नव्हता. कारण विचाराल तर तेव्हा सांगता आलं नसतं. माणूस इतका उंच की दारातून जाताना मान वाकवायचा. नाक मोडून वाकडं बसलेलं आणि हाताची बोटं आल्याच्या गड्ड्यासारखी गाठीगाठीची. जिन्यात भेटला की हसायचा. विनाकारण हसणाऱ्या माणसाकडे मी दोनदा बघते.

मुलगा म्हणाला, "आई, तो ऑस्ट्रेलियात फुटबॉल खेळायचा. मोठ्या क्लबकडून. आता रिटायर झालाय."

"मोठा होता तर इथे जर्मनीत, एश्बॉर्नमध्ये, भाड्याच्या घरात काय करतोय?"

"त्याची बायको इथली होती. नर्स. सासूचं करायला दोघं इकडे आले. सासू गेली, मग बायकोही गेली. तो राहिला."

"आणि पोरंबाळं?"

"एक मुलगी आहे, वाल्डॉर्फला. सॉफ्टवेअरमध्ये. येते अधूनमधून."

ऐकायला सगळं बरोबर होतं. पण ज्याची गोष्ट ऐकायला बरोबर असते त्याला आपण दुसरा प्रश्न विचारत नाही, आणि तिथेच फसतो. मी चौथीपर्यंत शिकले, एवढं मात्र शाळेबाहेर शिकले.

मला त्याच्याशी कर्तव्य नव्हतं. पण माझी नात त्याच्या नादाला लागली होती. वय अकरा. मुलगा इथल्याच ऑफिसात, सून फ्रँकफर्टला बँकेत, दोघं संध्याकाळी घरी येणार. दुपारी शाळेतून आल्यापासून पोरगी माझ्या ताब्यात. आठवड्यातून दोन दुपारी हा म्हातारा सोसायटीतल्या आणि शाळेतल्या दहाबारा पोरी गोळा करून ओढ्यापलीकडच्या कुरणावर न्यायचा आणि त्याचा तो खेळ शिकवायचा. पैसे घेत नव्हता. फुकट देणारा माणूस दिसला की मी आधी दार लावते. इथे मुलानं आणि सुनेनं दार उघडून पोरगी त्याच्या हवाली केली होती.

आणि आता मे महिन्यातल्या एका शनिवारी तो या पोरींना ट्रेननं हायडेलबर्गला नेणार होता. तिथल्या पोरींशी सामना. इथून एस-बान, म्हणजे लोकल, फ्रँकफर्टला गाडी बदलायची, मग पुढे. बरोबर मोठं माणूस तो एकटा. बाकीचे आईबाप नंतर आपापल्या गाडीनं मैदानावर पोचणार.

"मी विचार करून सांगते," मी म्हणाले.

सून म्हणाली, "अहो आई, आम्ही हो म्हणून टाकलंय."

"तुम्ही म्हटलंय. मी नाही. दुपारी तिला सांभाळते मी."

सून ओटा पुसायला लागली. शहाणी आहे. मी नाही म्हटलं तर पोरगी मला सोडून जाणार नाही, हे तिलाही माहीत होतं. तोपर्यंत तरी तसं होतं.

मग मी त्याची चौकशी सुरू केली. मला इथली भाषा येत नाही. दांक, गूट, मॉर्गन, एवढ्यावर दुकानातलं भागतं. म्हणून मी माझ्या पद्धतीनं सुरुवात केली. एका स्टीलच्या डब्यात कांदापोहे भरले आणि पोरीच्या हातानं खाली पाठवले. माणूस खाताना आणि भांडं परत करताना कसा वागतो त्यावरून बरंच कळतं.

डबा दुसऱ्या दिवशी परत आला. धुतलेला, चकचकीत आणि रिकामा.

"त्याला सांग," मी नातीला म्हणाले, "आमच्यात भांडं रिकामं परत करत नाहीत. चार दाणे साखर तरी घालतात."

"आजी, असं कुणी सांगतं का?" हे ती जर्मनमध्ये म्हणाली. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र त्या भाषेत. इतक्या वर्षांत तिचं तेवढं मला कळायला लागलं आहे, इतर कुणाचं नाही.

"मी सांगते. जा."

तिनं सांगितलं असावं. त्यानंतर डबा कधी रिकामा आला नाही. कधी लिंबं, कधी बिस्किटं, कधी कुरणावरून तोडून आणलेली जंगली लसूण. एकदा त्यानं डब्यात त्याच्या देशातलं काहीतरी काळंकुट्ट घालून पाठवलं. डांबर दिसावं तसं. मी बोट लावून चाखलं आणि थुंकले.

"हे ब्रेडला लावून खातात," पोरगी हसत म्हणाली.

"मग त्यांच्या देशात माणसं रागीट का असतात ते कळलं."

पुढे तो स्वतः डबा घेऊन वर यायला लागला. स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसायचा, गुडघा लांब सोडून. मला "आजी" म्हणायचा, पोरीचं ऐकून. माझ्यापेक्षा तीन-चार वर्षांनी मोठाच असेल. मी पोरीला म्हटलं, "याला सांग, मी याची आजी नाही." तिनं सांगितलं. तो म्हणाला, "या, या, आजी." म्हणजे त्यांच्यातलं हो, हो. मी सोडून दिलं.

त्या खुर्चीवर बसून त्यानं आपलं आयुष्य सांगितलं. पोरगी मध्ये बसून मला समजावायची.

बापाच्या दुभत्या गाई होत्या, देशाच्या दक्षिणेला, जिथे हिवाळ्यात पाऊस आणि चिखल. पहाटे धारा काढायच्या आणि मग गोठ्यामागे अनवाणी चेंडू लाथाडायचा. सतरा वर्षांचा असताना शहरातल्या क्लबचा माणूस घरी आला. आईसाठी शिलाई मशीन घेऊन आला आणि पोराला घेऊन गेला.

"शिलाई मशीनवर पोरगा दिला?" मी विचारलं.

"चांगली मशीन होती," तो म्हणाला.

शहरात दिवसा बिअरची पिंपं ट्रकवर चढवायची, कारण तेव्हा नुसत्या खेळावर पोट भरत नसे. संध्याकाळी सराव आणि शनिवारी सामना. मैदान अंड्यासारखं. एका बाजूला अठरा माणसं. चेंडू लांबट, टोकांना निमुळता, न सोललेल्या नारळाच्या आकाराचा. तो फेकायचा नाही. मुठीनं ठोसून द्यायचा, नाहीतर लाथ मारायची. दुसऱ्याच्या पाठीवर गुडघा टेकून वर चढायचं आणि हवेतच धरायचा. अंगात बिनबाह्यांचा गंजीफ्रॉक आणि आखूड चड्डी. दोन्ही टोकांना चार-चार खांब. मधल्या दोन उंच खांबांतून चेंडू गेला तर सहा गुण. नेम हुकून बाजूच्या बुटक्या खांबाकडून गेला तर एक.

"हुकला तरी एक?"

"हुकला तरी एक."

मला हे पटलं नाही. हुकणाऱ्याला कशाला काही द्यायचं?

एक गोष्ट मात्र आवडली. कुंपणापाशी पहिल्या रांगेत एक म्हातारी बसायची, ती दुसऱ्या संघाचा खेळाडू जवळ आला की त्याला छत्रीचं टोक टोचायची. सगळे खेळाडू तिला भिऊन आतल्या बाजूनं पळायचे. ती बाई मला ओळखीची वाटली.

"आणि डोक्याला लागलं तर?" मी एकदा विचारलं. त्याच्या भुवईवर जुनी शिवण होती.

तो मोठ्यानं हसला. "एक माणूस पाण्याची बाटली घेऊन धावत यायचा. नाकाखाली काहीतरी झणझणीत धरायचा. मग तोंडासमोर बोटं धरून विचारायचा, किती? आमचं आधीच ठरलेलं होतं, त्यानं नेहमी तीनच धरायची. तीन म्हटलं की पुन्हा आत."

पोरगी हसली. मी नाही हसले.

पण तीन बोटांपेक्षा मला दुसरंच खटकत होतं. माझा नवरा कारखान्याच्या कबड्डी संघात होता. खेळावरच नोकरी लागली होती. रिटायर झालेल्या खेळाडूला मी वर्षानुवर्षं जेवायला वाढलं आहे, मला त्यांची जात माहीत आहे. त्यांची गोष्ट दरवर्षी वाढते. माझ्या नवऱ्यानं लग्नाच्या वर्षी एका चढाईत तीन गडी मारले होते. मरेपर्यंत ते सात झाले. पण हा म्हातारा त्याच्या अंतिम सामन्याची गोष्ट सांगायचा, शेवटच्या मिनिटाला हवेत उडून धरलेल्या चेंडूची, ती कधीच वाढत नव्हती. शब्दाला शब्द तीच. त्याच जागी थांबायचा, त्याच जागी हात वर करायचा. मला कोर्टात पढवून उभा केलेला साक्षीदार आठवला.

मग फोटो. मी म्हटलं, पुरावा दाखव. त्यानं खालून चौकटीतला फोटो आणला. तीन रांगांत माणसं, सगळी एकाच वयाची, सगळ्यांचे हात छातीवर. "यात तू कुठला?" त्यानं मधल्या रांगेतल्या मिशीवाल्यावर बोट ठेवलं. चार-पाच दिवसांनी मी मुद्दाम पुन्हा विचारलं. त्यानं खाली बसलेल्या एका दाट केसांच्या माणसावर बोट ठेवलं.

मी त्या रात्री जेवताना मुलाला सांगितलं. "हा माणूस खोटा आहे. तो कधी खेळलाच नसेल."

"आई, म्हातारा आहे, चष्मा नसेल लावला."

"स्वतःचं तोंड ओळखायला चष्मा लागतो?"

"बरं, समजा खोटा आहे. मग काय? पोरींना चेंडू खेळायला शिकवतोय ना?"

"हेच तर विचारतेय मी. खोटं नाव सांगून कोण दुसऱ्याच्या पोरी गोळा करतो? आणि कशाला?"

सुनेनं ताट बाजूला सारलं. "आई, तिच्यासमोर असलं बोलू नका."

पोरगी ताटात बघत होती. तिचे कान लाल झाले होते. ती घाबरली असं मला तेव्हा वाटलं.

शनिवार आठ दिवसांवर आला आणि मध्ये वैशाखी पौर्णिमा आली. आम्ही बौद्ध. आमच्याकडे त्या दिवशी खीर होते. मी तांदळाची खीर केली, वेलदोडा घालून, दूध चांगलं आटवून. मनात संशय असला तरी सणाच्या दिवशी शेजाऱ्याला वगळायचं नाही, म्हणून एक डबा खाली दिला. बोलायला पोरीला बरोबर घेऊन स्वतः जाऊन दिला. त्यानं दोन्ही हातांनी घेतला.

दुसऱ्या दिवशी दुपारी बेल वाजली. तो दारात उभा. हसत डबा माझ्या हातात दिला. जड लागला. मी म्हटलं, लिंबं असतील. तो खाली गेल्यावर उघडला.

आत माझीच खीर होती. जशी दिली तशी. वर साय धरलेली, चमचासुद्धा बुडवला नव्हता.

हे वाचणाऱ्या काहींना यात विशेष वाटणार नाही. नसेल आवडली, दूध पचत नसेल, असं म्हणतील. मी तसं म्हणू शकत नाही. कारखान्याच्या चाळीत आमच्या समोर राहणारी बाई माझ्याशी रोज बोलायची, माझी पोरं तिच्या पोरांशी खेळायची, पण मी दिलेलं ती कधी खात नव्हती. "आज उपवास आहे हो," म्हणायची. एकदा मीच दिलेली खीर तिनं विसरून, तशीच्या तशी, माझ्याच वाटीतून मला परत पाठवली होती. इतकी विसरभोळी की ती आमच्या हातचं खात नाही, हे लपवायचंही विसरली. तेव्हापासून भरलेलं भांडं परत आलं की त्याचा अर्थ मला कुणी समजावून सांगावा लागत नाही.

मी डबा ओट्यावर ठेवला आणि पोरगी शाळेतून आल्यावर सांगितलं, "शनिवारी जायचं नाही. कुरणावरही जायचं नाही. संपलं."

तिनं दप्तर खाली टाकलं. रडली, ओरडली, दार आपटलं. संध्याकाळी मुलगा आला, त्यानं सगळं ऐकून डोक्याला हात लावला.

"आई, तो ऑस्ट्रेलियन आहे. त्याला जात काय माहीत?"

"जात माहीत नसेल. रंग दिसतो ना?"

"इतके दिवस तुझे पोहे खाल्ले त्यानं."

"खाल्ले म्हणून कोण बघायला गेलंय? डबा धुतलेला यायचा, एवढंच मी बघितलं."

"मग त्यालाच विचार की!"

हे तो चिडून म्हणाला होता. मी डबा उचलला आणि पायात चपला सरकवल्या. पोरगी आपल्या खोलीतून धावत आली. "आजी, नको. आजी, थांब." आणि हे तिनं मराठीत म्हटलं, म्हणून मी थांबायला हवं होतं. थांबले नाही.

त्यानं दार उघडलं. गळ्यात दोरीला किल्ली बांधलेली. घरात करपलेल्या दुधाचा वास. मी डबा त्याच्यापुढे धरला आणि मराठीतच म्हणाले, "हे काय आहे?"

त्यानं डबा घेतला, झाकण उघडलं, वास घेतला, आणि त्याचं तोंड असं उजळलं की मी गोंधळले. आत गेला, चमचा आणला आणि दारातच उभा राहून खायला लागला. एक चमचा, दुसरा, तिसरा. डोळे मिटून. मग पोरीला काहीतरी म्हणाला.

"काय म्हणतोय?"

पोरगी जिन्याकडे बघायला लागली.

"काय म्हणतोय तो?"

"म्हणतोय, असं काही त्यानं कधी खाल्लं नाही. विचारतोय, याला काय म्हणतात. आज काही सण आहे का."

काल मी त्याला खीर म्हणून सांगितलं होतं. सण म्हणून सांगितलं होतं. त्यानं माझ्यासमोर दोनदा तो शब्द म्हणून बघितला होता.

मी त्याच्या दारात उभी राहून एकेक गोष्ट जागेवर लावली. सकाळी त्यानं फ्रीज उघडला. माझा डबा दिसला. डबा आजींचा, परत द्यायचा. रिकामा द्यायचा नाही, हे त्याला पोरीनं शिकवलं होतं, आणि ते त्याच्या डोक्यात राहिलं होतं. उघडून बघितला तर भरलेला. म्हणजे आपणच भरून ठेवला असणार. घेऊन वर आला. मी घालून दिलेला नियम त्यानं पाळला होता. फक्त खीर कुणाची, हे त्याच्या डोक्यातून गेलं होतं. आणि न वाढणारी गोष्ट, फोटोतला आज हा आणि उद्या तो, गळ्यातली किल्ली, करपलेलं दूध.

मी नातीकडे बघितलं. ती जमिनीकडे बघत होती.

"तुला माहीत होतं."

"आजी..."

"कधीपासून?"

"थंडीपासून." मग ती भडाभडा बोलली, तिच्या भाषेत, मी मध्ये मध्ये थांबवून समजून घेतलं. ओढ्यावरच्या पुलापाशी तो चुकीच्या बाजूला वळायचा. पोरींच्या लक्षात आलं. तेव्हापासून दोघी पुढे चालायच्या, दोघी मागे, आणि तो मध्ये. परत येताना माझी नात त्याला त्याच्या दारापर्यंत सोडायची आणि आतून कुलूप लागल्याचा आवाज येईपर्यंत थांबायची. "तो आम्हाला नेत नाही, आजी. आम्ही त्याला नेतो."

"आणि फ्रँकफर्टला गाडी बदलताना?"

"आमचं ठरलंय सगळं. दोघी दोन हात धरणार."

अकरा वर्षांच्या पोरी. त्या स्टेशनात मी मोठी बाई हरवले आहे.

"कुणाला सांगू नको. त्याची मुलगी त्याला घेऊन जाईल. हाइममध्ये ठेवेल. मग सगळं बंद." हाइम म्हणजे म्हाताऱ्यांना ठेवतात ते घर. तेवढं जर्मन माझ्या वयाच्या प्रत्येकीला येतं.

म्हातारा चमचा हातात धरून आमच्याकडे बघत होता. आम्ही त्याच्याबद्दल बोलतोय हे त्याला कळलं होतं. त्याला वेडा समजू नका. त्यानं डबा खाली ठेवला, आपला गाठाळलेला हात वर केला आणि स्वतःच्या तोंडासमोर तीन बोटं धरली.

"द्राय," तो म्हणाला. तीन. आणि हसला. विनाकारण हसणारा माणूस म्हणून मी त्याला बघत आले होते. त्या दिवशी ते हसू कशाला असतं ते दिसलं.

मग तो पोरीमार्फत एवढंच म्हणाला, की डॉक्टरनं सांगितलंय, डोक्यावर फार मार बसलाय. मुलीला अजून बोललो नाही. शनिवार होऊ दे, मग सांगतो.

"शनिवारपर्यंत तुझ्या लक्षात राहील का?" मी विचारलं. पोरगी हे सांगायला तयार नव्हती. मी म्हटलं, सांग जसंच्या तसं. तिनं सांगितलं. त्यानं डब्याला झाकण लावलं. मग म्हणाला, "नाइन." नाही.

"मग मी सांगते. पण तुझ्यासमोर सांगेन. पाठीमागे नाही. आणि शनिवारी मी बरोबर येणार."

वर जाऊन मी मुलाला आणि सुनेला सगळं सांगितलं. पोरगी कोपऱ्यात उभी राहून माझ्याकडे अशी बघत होती की जणू मी चोर. सुनेनं आधी सगळा राग माझ्यावर काढला, मग मुलावर, मग ती पोरीला जवळ घेऊन बसली. शनिवारी सूनही यायचं ठरलं.

गाडी बदलताना काही झालं नाही. मी त्याच्या डाव्या बाजूला, सून उजव्या बाजूला. तो आम्हाला दारं उघडून देत होता, जसा काही तोच आम्हाला नेतोय. मी त्याच्या कोटाची बाही सोडली नाही.

मैदानावर पाय ठेवला आणि माणूस बदलला. हे नंतर मलाच खोटं वाटेल म्हणून मी नीट लक्ष ठेवून होते. कोणती पोरगी कुठे उभी राहायची, कुणाचा डावा पाय चांगला, कोण चेंडू येताना डोळे मिटते, सगळं त्याला ठाऊक. चेंडू कुठे पडणार ते तो चेंडू उडायच्या आधी बोलायचा. पुलापाशी रस्ता चुकणारा हाच. मी एका कडेला बसणार होते, पण तिथे रिकामं कुणाला बसू देत नाहीत. चेंडू खांबांतून गेला की नाही ते बघायला माणूस कमी होता. कुणीतरी माझ्या हातात दोन पांढरे झेंडे दिले. मधून गेला तर दोन्ही हलवायचे, हुकला तर एक. खांबाला लागून आत गेला तरी तो हुकलाच धरायचा.

मी साडीवर स्वेटर घालून खांबांमागे उभी राहिले. शिक्षण लागत नाही त्याला. बघावं लागतं.

शेवटी शेवटी माझ्या नातीनं लाथ मारली. चेंडू मधून गेला, सगळ्या पोरी ओरडायला लागल्या. पण आत जाताना तो खांबाला निसटता लागला होता. आवाज मी ऐकला. मी एक झेंडा हलवला.

"आजी!" ती मैदानातून किंचाळली. "गेला होता! मधून गेला होता!"

"खांबाला लागला."

"नाही लागला!"

"लागला. एकच."

त्या एकावर आम्ही हरलो. म्हातारा कडेला उभा होता, त्यानं माझ्याकडे बघून अंगठा वर केला. पोरगी परतीच्या गाडीत माझ्याशेजारी बसली नाही.

रविवारी त्याची मुलगी आली. मुलानं फोन करून बोलावलं होतं. आमच्या स्वयंपाकघरात सगळे बसलो, तोही, त्याच्या नेहमीच्या खुर्चीवर. मी बोलले, मुलानं जर्मनमध्ये सांगितलं. मी काही मऊ केलं नाही, आणि मुलानं मऊ केलं असेल तर मला कळलं नाही. ती बाई रडली नाही. बापाचा हात धरून बसली. तिलाही संशय होता, ती म्हणाली, पण दर वेळी फोनवर तो नीट बोलायचा.

मी फोटो मागवला. "यातला हा कुठला?"

तिनं मिशीवाल्यावर बोट ठेवलं नाही, दाट केसांच्या माणसावरही नाही. मागच्या रांगेत अगदी कडेला, अर्धा कापला गेलेला एक बारकेला, लांब मानेचा पोरगा होता. त्याच्यावर ठेवलं.

"आणि अंतिम सामन्यातला तो चेंडू?"

"तो मिशीवाल्यानं धरला," ती म्हणाली. "बाबा त्याच्या खाली होते. त्यांच्याच पाठीवर गुडघा टेकून तो वर चढला. बाबांनी ती गोष्ट नेहमी त्याची म्हणूनच सांगितली. आताशा ती स्वतःची म्हणून सांगतात."

म्हातारा फोटोकडे बघत होता. "चांगला पकडला," तो म्हणाला.

तो अजून खालीच राहतो. किती दिवस ते मी सांगू शकत नाही, मुलीनं वाल्डॉर्फजवळच्या एका हाइममध्ये नाव घातलं आहे. तोवर सकाळी एक बाई येते, गॅस बंद ठेवते. त्या बाईवरही माझं लक्ष आहे, फार लवकर निघून जाते. कुरणावर आता दुसरीच एक तरुण मुलगी शिकवते आणि तो खुर्ची टाकून बसतो. त्याला न्यायला आणि आणायला मी जाते. नात पुढे चालते. महिनाभर ती माझ्याशी कामापुरतं बोलत होती. आता बोलते, पण खांबाचा विषय निघाला की अजून म्हणते, नव्हता लागला.

डबा चालू आहे. कधी लिंबं घालून येतो, कधी माझंच जेवण तसंच्या तसं परत येतं. परत आलं की मी ते गरम करते आणि पुन्हा खाली पाठवते.